एका दाराला एक काम

वस्तीतली गटारं बांधायची, गल्ल्यांना फरशी घालायची, आणि हे काम बाहेरच्या ठेकेदाराला न देता वस्तीतल्याच माणसांना शिकवून त्यांच्याकडून करून घ्यायचं, असा प्रकल्प जाहीर झाला तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही. आमच्याकडे आजवर जो आला तो भाषण करून, चहा पिऊन गेला होता. पण मग खडीचा ढीग पडला. वाळू आली. सिमेंटची पोती आली आणि पोती राखायला माणूस आला. तेव्हा कुठे वस्ती खडबडून जागी झाली. शिकत असतानाही पगार मिळणार होता, आणि गटारं बांधून झाली की त्यांची देखभालही वस्तीनेच करायची होती, म्हणजे काम लगेच संपणारंही नव्हतं. बायकांना आधी घेणार होते. हे ऐकल्यावर मला घरात बसवेना.

मला तसंही कुठे बसवत नाही. सासूबाई म्हणतात, हिच्या पायाला भिंगरी आहे आणि जिभेलाही. गल्लीत मला ठिणगी म्हणतात, अगदी तोंडावर म्हणतात, आणि मी ओ देते.

एक अट मात्र होती. एका दाराला एक काम. प्रत्येक दारावर निळ्या रंगाने आकडा टाकलेला, आणि त्या आकड्यामागे एकच माणूस घ्यायचा. सगळ्यांच्या वाट्याला काहीतरी यावं हा त्यामागचा विचार, आणि विचार चांगलाच होता. फक्त ज्यांनी तो केला त्यांच्याकडे एका दाराआड एकच संसार राहत असणार. आमच्या दाराआड दोन होते. थोरले दीर आणि जाऊबाई, आमचे हे आणि मी, आमची मुलगी, आणि या सगळ्यांवर सासूबाई. दोघे भाऊ एकाच गोदामात माल चढवायला-उतरवायला होते. गोदामाला टाळं लागलं तेव्हा दोघे एकदमच घरी आले. तेव्हापासून रोज सकाळी दोघे बाहेर पडत. कधी दिवसभराचं काम मिळे, कधी नुसतीच पायपीट. एका पगारावर दोन संसार चालले नसते हे सगळ्यांना कळत होतं, बोलत कुणी नव्हतं.

"तू जा," जाऊबाई लगेच म्हणाल्या. "मी घर बघते."

जाऊबाई नेहमी असंच म्हणतात. पंख्याखालची जागा, गरम पाणी, नवी चादर, सगळ्याला त्यांचं एकच, तू घे. मला त्याचा रागही येतो आणि मी घेतेही.

"आपण दोघी जाणार," मी म्हटलं. "मी काढते वाट."

वाट काही मी एकटीने काढली नाही. सगळ्या वस्तीलाच ती सापडली होती. अटीत असं होतं की घर खरोखर वेगळं झालं असेल, दार वेगळं आणि शेगडी वेगळी असेल, तर त्या दाराला नवा आकडा मिळेल. झालं. जो तो भिंतीला दार पाडत सुटला. कुणी खिडकी खालपर्यंत फोडली, कुणी मोरीतून वाट काढली. एकाने तर कपाटाचंच दार काढून भिंतीला लावलं. सुताराला जेवायला सवड नव्हती. "प्रकल्पाने अजून कुणाला काम दिलंय की नाही माहीत नाही," तो खिळे तोंडात धरून म्हणायचा, "मला मात्र दिलंय."

आमच्या घरालाही मागच्या बाजूने दार पडलं आणि मधोमध प्लायवूडचं पार्टिशन उभं राहिलं. पुढचं दार आणि खिडकी जाऊबाईंच्या बाजूला गेली, मागचं दार आणि नळ माझ्या. सासूबाईंची खाट जाऊबाईंकडे. सासूबाईंनी सगळं नीट पाहून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे मी जेवायचं कुणाकडे?" मी म्हटलं, दोन्हीकडे जेवा. त्यांनी ते मनावर घेतलं.

पण पाहणीबाई काही दुधखुळ्या नव्हत्या. प्रकल्पातर्फे घराघराची पाहणी करायच्या म्हणून आम्ही त्यांना पाहणीबाई म्हणायचो. तरुण होत्या, चालायच्या भरभर, आणि समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत राहायच्या. ओल्या रंगाची इतकी दारं एकदम पाहून त्यांनी सांगितलं की नुसत्या दारावर आकडा मिळणार नाही. त्या स्वतः येणार आणि घर वेगळं का झालं ते विचारणार.

मग वस्तीत भांडणांच्या तालमी सुरू झाल्या. आमच्या समोरचे दोघे भाऊ सायकलीवरून भांडायचे, आणि सायकल दोघांकडेही नव्हती. कोपऱ्यावरच्या बापलेकांना तर भांडता भांडता हसू फुटायचं, मग बाप मुलाला खरोखरच एक ठेवून द्यायचा. पिठाच्या गिरणीवाल्याने बायकोपासून वेगळं झाल्याचं दाखवायचं ठरवलं, तर बायको म्हणाली, दाखवायचं कशाला?

आमची अडचण उलटी होती. माझं नाकावर राग घेऊन फिरणं वस्तीला पाठ होतं, पण जाऊबाईंचा चढा आवाज कुणी ऐकलाच नव्हता. पाहणीबाईंना पटणार कसं? मग मी जाऊबाईंना शिकवायला बसले.

"करपलेल्या पातेल्यावरून भांडू," मी म्हटलं. "मी म्हणणार, तुम्ही पातेलं करपवलंत. तुम्ही म्हणायचं, मी नाही, तूच. म्हणा."

"मी नाही," जाऊबाई म्हणाल्या, "तूच."

"अहो, असं वेळ विचारल्यासारखं नाही म्हणायचं. कमरेवर हात ठेवा. डोळे मोठे करा."

त्यांनी डोळे मोठे केले आणि आम्ही दोघी हसत सुटलो. त्या हसताना तोंडावर हात धरतात. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. एवढं हसलेलं मी त्यांना फार दिवसांनी पाहिलं होतं, आणि मला वाटलं, वेगळं व्हायचं नाटक करताना आम्ही किती जवळ आलो. मला अगदी भरून आलं.

पाहणीबाई आल्या तेव्हा दुपार होती. दोन्ही दारं पाहिली, दोन्ही शेगड्या पाहिल्या, पार्टिशनवर बोटाने टकटक केलं. जाऊबाईंच्या बाजूला आम्हा दोघींना समोरासमोर बसवलं. दाराबाहेर अर्धी गल्ली गोळा झाली होती, सुतार सगळ्यांत पुढे.

"तुम्ही वेगळ्या का झालात?"

मी बाह्या सरसावल्या आणि सुटले. पातेलं काय, घासणी काय, माझ्या माहेरचं पातेलं होतं ते, तुम्हाला त्याची काय किंमत, तुम्ही काल करपवलंत, तुम्ही परवा करपवलंत. गल्लीने माना डोलावल्या. पाहणीबाई माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"भांडतानाही तुम्ही-तुम्ही करता?" त्यांनी विचारलं.

"मोठ्या आहेत ना त्या," मी म्हणाले, आणि बाहेर कुणीतरी फिसकन हसलं.

जाऊबाई गप्पच. खाली बघत बसलेल्या. मी डोळ्यांनी खुणावलं, पायाने डिवचलं, उपयोग शून्य. दुसरं काम हातातून जातंय हे मला दिसत होतं.

"मला नाही वाटत तुमचं भांडण झालंय," पाहणीबाई उठत म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. उलट त्यांनाच वाईट वाटत होतं.

"पातेल्याचं काही नाही हो," जाऊबाई म्हणाल्या.

आवाज नेहमीचाच होता. म्हणून तर सुतारही वाकून ऐकायला लागला.

"पातेलं मीच करपवलं होतं, आणि ही काही बोललीसुद्धा नाही. ही वाईट नाहीये. पण ही उठली की घर उठतं. हिला हसू आलं की सगळ्यांनी हसायचं, हिचं डोकं फिरलं की सगळ्यांनी जपून चालायचं. मी चहाचा कप तोंडाला लावते, की ही विचारते, काय झालं, गप्प का? काही झालेलं नसतं. मी नुसती चहा पीत असते. इतकी वर्षं झाली, मला एक कप चहा गप्प बसून पिता आलेला नाही. मला एक खोली हवी. मी गप्प का आहे याचा तिथे कुणी जाब विचारू नये. एवढंच."

हे तालमीत नव्हतं. मला ते कळत होतं, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मग राहा ना!" मी ओरडले. "कुणी धरून ठेवलंय? इतकी वर्षं मी कपाटाशी बोलत होते म्हणायचं! कपाट परवडलं, उघडलं तर आत काहीतरी सापडतं तरी!"

हेही तालमीत नव्हतं.

जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे. पाहणीबाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, "समजलं मला," असं हळूच म्हणाल्या आणि निघून गेल्या. संध्याकाळपर्यंत आमच्या मागच्या दारावर निळा आकडा पडला.

गल्लीने आम्हाला डोक्यावर घेतलं. सुतार म्हणाला, "ठिणगीचं ठीक आहे, तिला काय रोजचंच. पण थोरली! काय काम केलं थोरलीने! माझ्या तर अंगावर काटा आला." समोरचे भाऊ सायकलीचा नाद सोडून जाऊबाईंकडे शिकवणी मागायला आले. सासूबाई तेवढ्या माझ्याकडे जेवल्या, मग उठून पलीकडे जेवायला गेल्या.

त्या दिवसापासून माझ्या जिवाला स्वस्थता नाही.

काम मला आवडलं, ते सांगितलंच पाहिजे. आधी आम्हाला कालवायला शिकवलं, मग साच्यात सिमेंट ओतायला, थापीने दाबायला, वरून पाणी मारत ठेवायला. गटारावरची झाकणं आम्ही बायकाच बनवायचो. झाकण सुकलं की दोघींनी दोन बाजूंनी उचलायचं, गटारापर्यंत न्यायचं आणि एकदम खाली सोडायचं. एकीने आधी सोडलं तर दुसरीची बोटं गेली. म्हणून मुकादमाने सारख्या उंचीच्या जोड्या लावल्या. माझी जोडी कुणाशी लागली हे सांगायला नको.

झाकण उचलताना बोलायचे शब्द ठरलेले होते. उचल. चल. हळू. सोड. दिवसभर आम्ही एवढेच शब्द बोलायचो, आणि खरं म्हणजे आमच्याइतकी चांगली जोडी दुसरी नव्हती. एकदासुद्धा कुणाचं बोट सापडलं नाही. मुकादम नव्या बायकांना आमच्याकडे बघायला सांगायचा. मी झाकणाच्या या टोकाकडून जाऊबाईंच्या तोंडाकडे बघायचे. नाटक होतं की खरं? आणि मी म्हटलं ते त्यांनी नाटकात धरलं, की मनात?

शेवटी एकदा झाकण अधांतरी असताना मी विचारलंच. "तुम्ही त्या दिवशी बोललात, ते खरं होतं का?"

"पाय सांभाळ," त्या म्हणाल्या. "सोड."

घरी परिस्थिती आणखी वाईट. पार्टिशन कसलं, प्लायवूडच ते, पलीकडे कुणी कूस बदलली तरी कळायचं. मी माझ्या बाजूला भांडी आपटायचे, मुलीला उगाच मोठ्याने हाका मारायचे, ह्यांच्याशी नसलेल्या विषयावर वाद घालायचे. "तुला नक्की काय हवंय?" हे विचारायचे. मग मी आवाज बंद करून ऐकत राहायचे. पलीकडे कप खाली ठेवल्याचा आवाज. पाण्याचा आवाज. एके संध्याकाळी पलीकडून कुणीतरी गुणगुणत असल्यासारखं वाटलं. मला वाटलं कुणी पाहुणी आली असेल. मी मागच्या दाराने बाहेर पडून घराला वळसा घालून खिडकीशी गेले.

जाऊबाई एकट्याच होत्या. पहिल्या पगारातून त्यांनी एक खुर्ची घेतली होती, हात टेकायला लाकडी दांड्या असलेली. ती खिडकीपाशी ठेवून, पाय वर घेऊन बसल्या होत्या आणि गुणगुणत होत्या. सूर चांगला होता. एका घरात राहून मला त्यांचा सूर माहीत नव्हता. मी आल्या पावली परत फिरले. त्या खूश होत्या हे बघून मला इतकं वाईट वाटलं की त्याची मला लाजच वाटली.

त्यानंतर मी एकच धरून बसले. काम पक्कं होऊ दे, ती अट जाऊ दे, पार्टिशन निघू दे, मग सगळं आपोआप पहिल्यासारखं होईल. पार्टिशनमुळेच हे झालंय. ते गेलं की मी त्यांची माफी मागेन, आम्ही पुन्हा एका शेगडीवर चहा ठेवू, आणि त्या तोंडावर हात धरून हसतील. मला माझ्या जाऊबाई परत हव्या होत्या. दुसरं काही नको होतं.

आणि तसंच झालं. आमच्या गल्लीचं काम बघून पलीकडच्या दोन वस्त्यांनी आम्हालाच बोलावलं. शिकलेल्या हातांची कमी पडायला लागली. पाहणीबाईंनी खडीच्या ढिगावर उभं राहून सांगितलं की एका दाराला एक काम ही अट आता उठली आहे, जे काम शिकले ते सगळे कामावर राहतील, दार एक असो नाहीतर चार. "आणि ज्यांची भांडणं झाली होती," त्या अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाल्या, "त्यांची आता मिटली असतील तर बघा." एक क्षण सगळे एकमेकांकडे बघत राहिले, आणि मग सगळी वस्ती एकदम हसत सुटली. बाईंना पहिल्यापासून सगळं माहीत होतं!

मी थापी टाकली आणि धावत सुटले. सुताराला मी सगळ्यांच्या आधी गाठलं. "दादा, आधी आमचं काढा."

"अगं, हात तरी धू."

"नंतर धुते. चला."

तो हत्यारं घेऊन माझ्या बाजूने आला आणि त्याने कटावणी घालून पहिली फळी सैल केली. खिळे किरकिरत बाहेर आले. फळी बाजूला झाली आणि पलीकडची पट्टीभर खोली दिसायला लागली. खाट, खुर्ची, खिडकी. जाऊबाई कामावरून तेवढ्यात पोचल्या होत्या. दारातच थांबून त्यांनी फळीच्या जागेतून माझ्याकडे पाहिलं.

"अट गेली, जाऊबाई! ऐकलंत ना?"

"ऐकलं," त्या म्हणाल्या. "बरं झालं."

त्यांनी बादलीतल्या पाण्याने हात-पाय धुतले. मग त्या आवरायला लागल्या. फळकुटावरचा कप उतरवला. फणी उतरवली. खिडकीतला वाळत घातलेला टॉवेल काढला. मग खुर्ची उचलली, खिडकीपासून दूर नेली आणि खाटेच्या मागे भिंतीला लावून ठेवली, वाटेत कुणाला अडचण नको म्हणून. तिथे तिच्यावर कुणालाच बसता आलं नसतं. क्षणभर त्या खुर्चीच्या दांडीवर हात ठेवून उभ्या राहिल्या, आणि मग चादरीच्या घड्या घालायला लागल्या.

"जाऊबाई," मी विचारलं, "काढायचं ना हे?"

"काढ की. तुला हवंय ना."

आवाज शांत, नेहमीचाच. त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. मी हो म्हटलं असतं तर तासाभरात सगळं पहिल्यासारखं झालं असतं, आणि त्यांनी आयुष्यात त्यावर एक शब्द काढला नसता. त्या दिवशी पाहणीबाईंसमोर त्यांनी पहिल्यांदाच स्वतःसाठी म्हणून काही मागितलं होतं, आणि तेही त्या नाटकाच्या आडून. नाटक होतं की खरं, याचं मला उत्तर मिळालं होतं. मला ते नको होतं.

सुताराने दुसऱ्या फळीत कटावणी घातली.

"थांबा," मी म्हणाले. "ती पहिली परत लावा."

"काय?"

"लावा परत. आमचं भांडण अजून मिटलेलं नाही."

सुतार हसायला लागला. "अगं, आता कशाला नाटक? बाईंनीच सांगितलं ना..."

"तुम्हाला काय करायचंय, दादा? नाही मिटलं म्हणजे नाही मिटलं. आमचं आम्ही बघू. ठोका."

हे मी खणखणीत आवाजात म्हटलं, गल्लीलाही ऐकू जाईल असं. जाऊबाईंच्या हातातली चादर तशीच राहिली. त्या माझ्याकडे बघत होत्या आणि मी सुताराकडे बघत होते. त्यांच्याकडे बघितलं असतं तर मला पुढचं जमलं नसतं. मग मला फरशीवरून खुर्ची ओढल्याचा आवाज आला, खिडकीच्या दिशेने.

फळी जागेवर बसली. सुतार पुटपुटत खिळे ठोकायला लागला, आणि मला रडू फुटलं. मी ओठ दाबून धरले, एक हुंदका बाहेर पडू दिला नाही. जाऊबाईंना ऐकू गेला असता तर त्यांनी लगेच खुर्ची उचलून पुन्हा खाटेमागे ठेवली असती.